एक घोट पाणी आणि एक गोळी

दासगावच्या माणसाला हर्निया झाला, कुणाचं सिझर करायची वेळ आली, लावणीच्या दिवसांत बांधावरून घसरून म्हाताऱ्याचा खुबा मोडला, की पहिली धाव महाडला असते. महाडात भागलं नाही तर माणगाव, अलिबाग, पनवेल आणि सरतेशेवटी मुंबई. ही वाट इथल्या घराघरांना तोंडपाठ आहे. आता या वाटेवर उलट दिशेनं येणारा एक रुग्णही आहे. तो मुंबईत किंवा पुण्यात लिव्हर बदलून घेतो, काही महिने शहरात नातेवाइकांकडे राहून तपासण्या करतो आणि रिपोर्ट नीट यायला लागले की घरी परततो. भारतात आता वर्षाला चार हजारांहून अधिक यकृत प्रत्यारोपणं होतात. ती सगळी माणसं मोठ्या इस्पितळाच्या सावलीत राहत नाहीत. कुणाची शेती गावात, कुणाचं दुकान, कुणाची रिक्षा. गणपती तर गावातच. पुढची पंधरा-वीस वर्षं त्यांना तिथंच काढायची असतात.

पंधरा-वीस वर्षांत माणसाला दुसरं काही ना काही होतंच. मोतीबिंदू, अक्कलदाढ, मूळव्याध, अपेंडिक्स. प्रत्यारोपणासाठी पोटावर घेतलेला छेद मोठा असतो आणि पुढे त्याच छेदातून हर्निया बाहेर येणं नेहमीचं आहे. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, कधी खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि चाळिशीतच खुबा बदलायची पाळी येते. प्रत्यारोपणाच्या बातमीत ग्रीन कॉरिडॉर असतो, दात्याच्या कुटुंबाचा फोटो असतो, डिस्चार्जच्या दिवशीचा हार असतो. दहा वर्षांनी त्याच माणसाच्या हर्नियाचं ऑपरेशन होतं, त्याची बातमी होत नाही. पण भूल देणाऱ्या डॉक्टरसाठी खरा प्रश्न त्या दिवशी सुरू होतो.

ही विद्या महानगरातल्या मोजक्या इस्पितळांत ठेवून चालणार नाही, ती महाडच्या ऑपरेशन थिएटरपर्यंत यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आणि ती येऊ शकते. कारण लिव्हर बदललेल्या माणसाला भूल देणं लोकांना वाटतं तेवढं अघोरी काम नाही. नवं यकृत नीट चालत असेल तर बहुतेक औषधं त्याला इतरांसारखीच चालतात. माणूस संकटात येतो तो लहानसहान गोष्टी राहून गेल्यामुळे.

दासगाव सावित्रीच्या काठाला, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, महाडच्या साधारण पाच मैल अलीकडे आहे. एके काळी हे बंदर होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले ते दासगावच्या बंदरात उतरून पुढे महाडला गेले. आता बोटीची जागा महामार्गानं आणि कोकण रेल्वेच्या वीर स्थानकानं घेतली आहे. नकाशावर पाहिलं तर मुंबई काही तासांवर आहे.

पण हा नकाशा पावसाळ्यात खरा राहत नाही. २००५ च्या जुलैमध्ये २५-२६ तारखेच्या पावसात जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. महाड तालुक्यात त्या दोन दिवसांत दीडशेहून अधिक माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूरच्या मधला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला, महाड शहर पाण्यात होतं आणि मदतपथकांना गावापर्यंत पोचायलाच कितीतरी तास लागले. पुण्याकडे जाणारा वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो. पोटात आतडं पिळलेल्या रुग्णाला अशा रात्री 'मुंबईला न्या' म्हणणं हा सल्ला होत नाही. त्या रात्री महाडात जे थिएटर उघडं असेल आणि जो भूलतज्ज्ञ हजर असेल, त्यालाच काम करावं लागेल. म्हणून त्याला आधीपासून माहिती हवी.

या माणसाच्या शरीरात नेमकं काय बदललेलं असतं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. रक्तस्राव थांबला नाही आणि तो टेबलावरच गेला. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, त्यांच्या एका लहान रुग्णानं वर्षाचा टप्पा ओलांडला. तरीही पुढची बरीच वर्षं ही शस्त्रक्रिया म्हणजे अपवादच होती, कारण शरीर परकं यकृत स्वीकारत नसे. चित्र पालटलं ते औषधांनी. आधी सायक्लोस्पोरिन आलं, मग टॅक्रोलिमस. १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते मिळालं आणि १९८९ पासून पिट्सबर्गमध्ये ते रुग्णांना दिलं जाऊ लागलं. आज आपल्याकडे लिव्हर बदललेल्या बहुतेक माणसांचं आयुष्य याच औषधावर चालतं.

भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. तो लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. देशातलं पहिलं यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत झालं. मुलगा तामिळनाडूतल्या कांचीपुरमचा, वय दोन वर्षांच्या आत, जन्मापासून पित्तनलिका बंद. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला. तो मुलगा मोठा झाला, शिकला आणि स्वतः डॉक्टर झाला. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्यारोपण म्हणजे चार-दोन वर्षांची मुदतवाढ, असं अजूनही गावोगाव बोललं जातं. त्या मुलाच्या वाट्याला शाळा, परीक्षा, नोकरी असं सगळं आयुष्य आलं. एवढ्या लांब आयुष्यात ऑपरेशन थिएटरची पायरी पुन्हा चढावी लागण्याची शक्यता कोणालाही असते.

आता भुलीकडे येऊ. यकृत आणि भूल यांच्याबद्दलची जुनी भीती हॅलोथेन या वायूपासून आलेली आहे. १९५६ मध्ये वापरात आलेला हा वायू स्वस्त होता, वासाला सौम्य होता, आणि आपल्याकडच्या लहानमोठ्या थिएटरांत तो वर्षानुवर्षं चालला. काही थोड्या रुग्णांना, विशेषतः पुन्हापुन्हा दिल्यावर, त्यानं यकृताला जबर सूज येई. प्रकार विरळा होता, पण आला तर जीव घेई. 'लिव्हरवाल्याला भूल नको' हे वाक्य त्या काळाचं आहे. आता हॅलोथेन मागे पडलं. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे वायू यकृतावर तसा भार टाकत नाहीत. झोप आणण्यासाठी शिरेतून दिलं जाणारं प्रोपोफॉल आणि वेदना मारणारं फेंटॅनिल चालत्या यकृताला झेपतं.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांपैकी अ‍ॅट्राक्युरियमची गोष्ट तर सांगण्यासारखीच आहे. पोटाचं ऑपरेशन करायचं तर स्नायू सैल हवेत. त्यासाठी वापरली जाणारी जुनी औषधं शरीराबाहेर टाकायला यकृत किंवा मूत्रपिंड लागे. ग्लासगोतल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात जॉन स्टेनलेक यांनी मुद्दाम असा रेणू घडवला, की शरीराच्या नेहमीच्या तापमानात आणि रक्ताच्या नेहमीच्या आम्लतेत तो आपोआप मोडत जातो. ना यकृताची गरज, ना मूत्रपिंडाची. एकोणिसाव्या शतकातल्या हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं शोधलेल्या विघटनाच्या प्रक्रियेवर तो आधारलेला आहे. आज हे औषध तालुक्याच्या ठिकाणीही सहज मिळतं. लिव्हर बदललेल्या माणसासाठी ते पहिल्या पसंतीचं आहे, आणि त्यासाठी कोणतंही महागडं यंत्र लागत नाही.

प्रत्यारोपण करताना दात्याच्या यकृताचे मज्जातंतू कापले जातात. आपल्या यकृताला रक्त कमी पडू लागलं की शरीर आतल्या आत थोडी तजवीज करतं. बदललेल्या यकृतात ही सोय बोथट झालेली असते. म्हणून भुलीखाली रक्तदाब खाली जाऊ न देणं, सलाइन मापात ठेवणं, रक्तस्राव झाला तर तो भरून काढायला उशीर न करणं, याला इथं दुप्पट महत्त्व आहे. अथेन्सच्या भूलतज्ज्ञ जॉर्जिया कोस्टोपानागिओटू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अवयव बदललेल्या माणसांच्या इतर शस्त्रक्रियांतील भुलीचा एकत्रित आढावा घेतला होता. पंचवीसेक वर्षांनंतर औषधांची नावं काही बदलली, पण मुख्य शहाणपण तेच आहे: यकृत चालतंय का ते आधी पाहा, चालत असेल तर नेहमीची चांगली भूल नेहमीच्या काळजीनं द्या, आणि संसर्ग व औषधं या दोन गोष्टींवरून नजर हटवू नका.

यकृत चालतंय का, हे कळायला रक्ताच्या साध्या तपासण्या पुरतात. एन्झाइम, बिलिरुबिन, आयएनआर, प्लेटलेट, क्रिएटिनिन, पोटॅशियम. यांतलं काही नव्यानं बिघडलेलं दिसलं आणि ऑपरेशन घाईचं नसेल, तर तारीख पुढे ढकलायची आणि प्रत्यारोपण केंद्राला फोन करायचा. एन्झाइम वाढण्यामागे शरीरानं यकृत नाकारायला सुरुवात केलेली असू शकते, पित्तनलिका आवळलेली असू शकते, यकृताच्या धमनीत गुठळी असू शकते. अशा वेळी हर्निया दुरुस्त करत बसणं चुकीचं. ज्या शस्त्रक्रिया थांबू शकतात त्या प्रत्यारोपणानंतर पहिले सहा महिने ते वर्षभर थांबवणंच बरं, कारण यकृत नाकारण्याचा आणि संसर्गाचा धोका त्या काळात सर्वांत जास्त असतो.

आता या लेखातली माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर येते आणि सांगते, 'उद्या सकाळी काही खायचं नाही, प्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही.' गावाकडचा माणूस डॉक्टरांचा शब्द पाळणारा. तो पाणी घेत नाही, आणि पाणी नाही म्हणून गोळीही घेत नाही. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी घ्यायचं औषध आहे. सकाळची गोळी चुकली, ऑपरेशन दुपारपर्यंत लांबलं, संध्याकाळी उलट्या झाल्या म्हणून रात्रीची गोळीही गेली, दुसऱ्या दिवशी 'पोट फुगलंय, अजून तोंडानं काही नको' असं झालं, की दोन दिवसांत रक्तातलं औषध तळाला जातं. ज्या औषधानं शरीर नव्या यकृताशी नांदत होतं ते उरलं नाही, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. हर्निया उत्तम शिवला जातो आणि यकृत धोक्यात येतं.

उपाय एका वाक्याचा आहे. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ठरल्या वेळी ती गोळी एक घोट पाण्याबरोबर घ्यायचीच. भूलतज्ज्ञांना एक घोट पाण्याची भीती नाही. रक्तदाबाची गोळीही ते तशीच द्यायला सांगतात. पोट बंद असेल, नळी टाकलेली असेल, तर औषध दुसऱ्या मार्गानं कसं द्यायचं हे प्रत्यारोपण केंद्र सांगतं. शिरेतून देताना मात्रा गोळीपेक्षा बरीच कमी लागते, त्यामुळे अंदाजानं काही करायचं नाही. प्रत्येक नर्सिंग होमच्या केसपेपरवर 'उपाशी' असा शब्द लिहितात, त्याच्याशेजारी 'टॅक्रोलिमस चालू' हे दोन शब्द लिहिले तरी पुष्कळ काम होईल.

हे औषध रक्तात किती असावं याची पट्टी फार अरुंद आहे. भाताच्या खाचरातल्या पाण्यासारखं ते आहे: कमी पडलं तर रोप वाळतं, जास्त झालं तर कुजतं. कमी पडलं की यकृत नाकारलं जातं. जास्त झालं की मूत्रपिंडं मार खातात, रक्तातलं पोटॅशियम चढतं, मॅग्नेशियम उतरतं, हात थरथरतात, कधी झटके येतात. पुष्कळांना या औषधानं रक्तदाब आणि मधुमेह जडतो. म्हणजे यकृतासाठी म्हणून आलेला रुग्ण टेबलावर येतो तो रक्तदाबाचा, साखरेचा आणि जरा अशक्त मूत्रपिंडांचा रुग्ण होऊन. भूलतज्ज्ञानं यकृताइतकंच याकडे पाहायचं असतं. पोटॅशियम आधीच चढलेलं असेल तर सक्सिनिलकोलीनसारखं औषध वापरताना हात आखडता घ्यावा लागतो.

शिवाय हे औषध शेजाऱ्यांशी पटवून घेणारं नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल, डिल्टियाझेम यांच्या जोडीनं ते रक्तात साठत जातं. क्षयरोगासाठीचं रिफाम्पिसिन किंवा फिटसाठीचं फेनिटॉइन सुरू केलं की ते भराभर संपतं. जुलाब लागले तर त्याची पातळी अनेकदा वाढते. कंपनी बदलली तरी फरक पडू शकतो, म्हणून 'तीच गोळी, फक्त दुसऱ्या कंपनीची' हे औषधाच्या दुकानातलं वाक्य इथं ऐकायचं नाही. बदल करावाच लागला तर रक्ताची तपासणी करून घ्यायची. कोकणात परसदारी होणारं पपनस हेही या यादीत आहे. परदेशातल्या पुस्तकांत ग्रेपफ्रूट टाळा असं लिहिलेलं असतं, आणि आपला रुग्ण म्हणतो, आम्ही ते खातच नाही. पपनस त्याच कुळातलं आहे. त्यातले घटक आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम अडवतात आणि टॅक्रोलिमस वाढतं. गणपतीत आलेलं पपनस कौतुकानं पुढे केलं जातं तेव्हा हे कोणीतरी घरात सांगायला हवं.

झाडपाल्याचं तसंच. कोविडच्या साथीत 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२० च्या अखेरीस मुंबईत डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले आणि पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध केले. गुळवेलीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी त्यावर बरेच आक्षेप घेतले. तो वाद काहीही असो, ज्या माणसाची प्रतिकारशक्ती औषधानं मुद्दाम खाली ठेवलेली आहे, त्यानं ती वाढवण्यासाठी काढा पिणं हे स्वतःच्याच यकृतावर शत्रू सोडण्यासारखं आहे. गावात काविळीचं औषध देणारे असतात, त्यांच्यावर लोकांचा विश्वास असतो, आणि ते औषध घेतल्याचं इस्पितळात सांगायला लोक लाजतात. भूलतज्ज्ञानं रागावल्याशिवाय विचारलं तर सांगतात.

संसर्गाची गोष्ट आणखी फसवी आहे. प्रतिकारशक्ती दबलेली असल्यानं अपेंडिक्स फुटलं तरी ताप येईलच असं नाही, पांढऱ्या पेशी वाढतीलच असं नाही, पोट कडक लागेलच असं नाही. 'जरा दुखतंय' एवढंच तो सांगतो. अशा माणसाचं जरासं दुखणं जड मानायचं आणि सोनोग्राफी, गरज पडली तर सीटी स्कॅन, लवकर करायचा. एक उपयोगी गोष्ट: प्रत्यारोपणाच्या वेळी पित्ताशय काढलेलं असतं, म्हणून उजव्या बरगडीखाली दुखलं तर 'पित्ताचे खडे असतील' असं म्हणून थांबता येत नाही. तिथं दुखतंय म्हणजे पित्तनलिकेचा किंवा यकृताचाच विचार आधी. थिएटरमध्ये हात धुण्यापासून सलाइनच्या सुईपर्यंत सगळी स्वच्छता काटेकोर हवी. नाकातून नळी टाळता आली तर टाळायची. रक्त द्यावं लागलं तर शक्यतो पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं.

पावसाळ्यात कोकणात ताप आणि पिवळे डोळे घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरांच्या मनात लेप्टोस्पायरोसिस येतो. खाचरात गुडघाभर पाण्यात उभं राहून लावणी करणाऱ्यांचा हा आजार. पुरानंतर तो वाढतो. लिव्हर बदललेल्या माणसाला हाच ताप आला तर मुंबईच्या डॉक्टरच्या मनात आधी 'यकृत नाकारलं जातंय का' हे येईल आणि महाडच्या डॉक्टरच्या मनात आधी लेप्टो येईल. दोघांचंही बरोबर असू शकतं. म्हणून दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं. स्थानिक डॉक्टरला जे माहीत आहे ते शहरातल्या केंद्राला माहीत नसतं, हे या भागात पुन्हापुन्हा सिद्ध झालेलं आहे.

त्याचं सर्वांत मोठं उदाहरण महाडचंच. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावल्यावर धडधाकट माणसं फुफ्फुसात पाणी भरून मरत होती. पुस्तकात उत्तर नव्हतं. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे स्वस्त औषध विंचूदंशात वापरलं. पूर्वी गंभीर रुग्णांतले शंभरात पंचवीस-तीस दगावत. प्राझोसिननंतर हा आकडा अगदी थोड्यावर आला. 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं लेखन छापून आलं, २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये महाडातली चाचणी प्रसिद्ध झाली, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या ठिकाणी मोठं वैद्यक होऊ शकत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. लिव्हर बदललेल्या माणसाला भूल देण्यासाठी तर नवं संशोधनही करायचं नाही. जे जगाला माहीत आहे ते फक्त इथपर्यंत आणायचं आहे.

आणण्याचा मार्ग म्हणजे रुग्णाची फाइल आणि एक फोन. डिस्चार्जच्या वेळी प्रत्यारोपण केंद्र जाडजूड फाइल देतं. ती घरी कपाटात जाते आणि ऑपरेशनच्या दिवशी नेमकी घरीच राहते. त्याऐवजी एका पानावर चार ओळी पुरेत, मराठीत आणि इंग्रजीत: प्रत्यारोपण कधी झालं, कोणत्या कारणासाठी, कोणत्या गोळ्या किती वाजता, औषधाची शेवटची पातळी किती, केंद्राचा चोवीस तास उचलला जाणारा फोन. हे पान पाकिटात आणि मोबाइलमध्ये ठेवायचं. पावसाळ्याआधी निदान महिनाभराच्या गोळ्या घरात हव्यात, आणि त्या पुराच्या पाण्याला लागणार नाहीत अशा उंचीवर. केंद्रांनीही एक करावं: रुग्ण महाड-पोलादपूरकडचा असेल तर त्याला सोडतानाच तिथल्या डॉक्टरला फोन करून ओळख करून द्यावी. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाला फोन करणं आणि ओळखीच्या माणसाला करणं, यात फार फरक आहे.

वेदनेच्या इंजेक्शनबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण इथं सर्वांत जास्त चूक होते. कंबर दुखली, ताप आला, दात दुखला, की डायक्लोफिनॅकची सुई देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. रुग्णही ती मागतात. टॅक्रोलिमस घेणाऱ्या माणसाची मूत्रपिंडं आधीच ताणलेली असतात. त्यात ही सुई किंवा आयब्युप्रोफेनची गोळी पडली तर ती बंद पडू शकतात. ऑपरेशननंतरच्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, बेतात. बहुतेक केंद्रं दिवसाला २ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. सोबत जखमेच्या जागी बधिरतेचं औषध भरणं, नसेभोवती इंजेक्शन देणं, गरजेनुसार फेंटॅनिलसारखं औषध. पाठीतून दिलेली भूलही चालते. प्लेटलेट आणि आयएनआर ठीक असले की खुब्याच्या किंवा सिझरच्या ऑपरेशनला ती उत्तमच. जुन्या आजारात प्लीहा वाढलेली असते आणि प्रत्यारोपणानंतरही काही काळ प्लेटलेट कमी राहतात, तेवढं पाहायचं. जो रोज स्टिरॉइड घेतो त्याला मोठ्या ऑपरेशनच्या वेळी हायड्रोकॉर्टिझोनचा जादा आधार लागतो. पोटाचं ऑपरेशन असेल तर आतडी जुन्या जखमेला चिकटलेली असतात, वेळ जास्त लागतो, रक्त जास्त जातं. सर्जननं 'अर्ध्या तासाचं काम' असं म्हणून भूलतज्ज्ञाला गाफील ठेवू नये.

तरुण बायकांच्या बाबतीत आनंदाची गोष्ट ही, की यकृत बरं झालं की पाळी परत येते आणि मूल होऊ शकतं. प्रत्यारोपणानंतर निदान एक वर्ष थांबायला सांगतात. मायकोफिनोलेट हे औषध गर्भाला घातक असल्यानं दिवस राहण्याच्या निदान सहा आठवडे आधी बंद करून दुसरं सुरू करावं लागतं; टॅक्रोलिमस मात्र चालूच ठेवतात. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. घरातल्या सासवांना वाटतं, 'बाळासाठी एवढ्या गोळ्या कशाला?' आणि गोळ्या थांबतात. तिथं गावच्या आशा सेविकेनं एक चक्कर मारून समजावलं तर यकृतही वाचेल आणि बाळही.

आणि घरात आणखी एक माणूस असतो, ज्याच्याबद्दल कोणीच विचारत नाही. भारतात बहुतेक यकृतं जिवंत दात्यांकडून येतात, आणि त्यांत बायकांची संख्या मोठी आहे: बायको, आई, बहीण, मुलगी. यकृताचा निम्म्याहून अधिक भाग देऊनही दोन-तीन महिन्यांत तो बराचसा भरून येतो. लिव्हर देणाऱ्या बाईला रोजची गोळी नसते, प्रतिकारशक्ती दाबलेली नसते, भूल इतरांसारखीच चालते. पण तिच्याही पोटावर तो लांब व्रण असतो, तिलाही पुढे हर्निया होऊ शकतो, तिच्याही आतड्यांना चिकटे असतात, आणि उजवा भाग दिलेल्या दात्यांत प्लेटलेट पुढची काही वर्षं थोड्या कमी राहिलेल्या आढळतात. पुढे कधी सिझरच्या किंवा गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या टेबलावर ती आली, तर पाठीत सुई देण्याआधी तिच्या प्लेटलेट पाहायला हव्यात. नवऱ्याची फाइल घरात जपून ठेवलेली असते. तिच्या नावाची फाइलही प्रत्यारोपण केंद्राकडून मागून घ्यावी, तिच्याही पाकिटात एक पान असावं, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरनं पोटावरचा व्रण पाहून तिला सरळ विचारावं, 'बाई, लिव्हर दिलंय का तुम्ही?'